दुसऱ्याच्या शिवारात झाड लावणारा राष्ट्राध्यक्ष

फ्रँकलिन डिलानो रूझवेल्ट यांचे नाव निघाले की महामंदीच्या गर्तेतून अमेरिकेला वर काढणारा आणि दुसऱ्या महायुद्धाचे सुकाणू हाती धरणारा राष्ट्राध्यक्ष आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. याल्टा येथे चर्चिल व स्टालिन यांच्या मधोमध बसलेली ती थकलेली मूर्ती छायाचित्रांतून सर्वांच्या परिचयाची झालेली आहे. लागोपाठ चार वेळा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेला हा एकमेव अमेरिकी पुढारी. त्याच्या कीर्तीच्या या गर्दीत एक लहानशी नोंद मात्र सहसा हरवून जाते. नोव्हेंबर १९४४ मध्ये ते हाइड पार्क या आपल्या गावी मतदानास गेले, तेव्हा रिवाजाप्रमाणे त्यांना व्यवसाय विचारण्यात आला. त्यांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून सांगितले नाही, वकील म्हणूनही सांगितले नाही. झाडे वाढविणे हा आपला व्यवसाय असल्याचे त्यांनी सांगितले.

यात थोडा विनोद होता. पण निव्वळ विनोद नव्हता. शेतजमिनीत झाडे लावणे हा रूझवेल्ट यांचा आयुष्यभराचा छंद होता आणि पुढे तो त्यांच्या राज्यकारभाराचा एक भाग बनला. शेतकऱ्याच्या खाजगी मालकीच्या जमिनीत झाडे लावण्यासाठी सरकारने जनतेचा पैसा खर्च करावा काय? करावा, तर कोणत्या अटींवर? आणि लावलेले झाड मोठे झाले म्हणजे त्याचा वाली कोण? हे प्रश्न आजही जगभरच्या सरकारांपुढे आहेत. रूझवेल्ट यांच्या चरित्रात यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सापडतात. तिसऱ्याचे उत्तर सापडत नाही, आणि ते का सापडत नाही हे समजून घेणेही तितकेच बोधप्रद आहे.

रूझवेल्ट यांचा जन्म ३० जानेवारी १८८२ रोजी न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीच्या काठी हाइड पार्क येथे झाला. वडील जेम्स हे सुखवस्तू जमीनदार होते. आई सारा हिचे हे एकुलते एक अपत्य. ग्रोटनची निवासी शाळा, हार्वर्ड विद्यापीठ आणि कोलंबिया येथील कायद्याचे शिक्षण असा श्रीमंत घरातील मुलाला साजेसा त्यांचा विद्यार्थिदशेचा प्रवास झाला. १९०५ मध्ये एलिनॉर यांच्याशी विवाह झाला. वधूचे काका म्हणजे त्यावेळचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट. वकिलीत मात्र त्यांचे मन रमले नाही. १९१० मध्ये ते राज्याच्या सिनेटच्या निवडणुकीस उभे राहिले. मतदारसंघ ग्रामीण आणि विरोधी रिपब्लिकन पक्षाचा बालेकिल्ला. तरुण रूझवेल्ट तांबड्या रंगाच्या उघड्या मोटारीतून खेडोपाडी हिंडले, शेतकऱ्यांशी बोलले आणि निवडून आले.

याच सुमारास घरच्या शेतीची देखरेख त्यांच्याकडे आली. जी जमीन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मक्याचे उत्तम पीक देत असे, ती आता जेमतेम निम्मे उत्पन्न देते, हे त्यांच्या ध्यानात आले. पिढ्यान्‌पिढ्या जमिनीतून काढून घेतले, परत काहीच दिले नाही, आणि उतारावरची माती दर पावसाळ्यात नदीकडे वाहून गेली, हे त्याचे कारण होते. पुढे राजकारणात कितीही उंच चढले तरी आपल्या शेताची ही गोष्ट ते वारंवार सांगत असत. जमिनीची झीज हा विषय त्यांनी प्रथम कोणत्याही अहवालात वाचला नव्हता. तो त्यांना स्वतःच्या शिवारात भेटला होता.

राज्याच्या सिनेटमध्ये त्यांच्याकडे वने, मत्स्य व शिकार या विषयांच्या समितीचे अध्यक्षपद आले. तेथे त्यांनी अमेरिकेच्या वनखात्याचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंशो यांना व्याख्यानासाठी पाचारण केले. पिंशो यांनी पडद्यावर चीनमधील एकाच खोऱ्याची दोन चित्रे दाखविली. पहिले शेकडो वर्षांपूर्वीच्या एका चिनी चित्रकाराचे: डोंगर वृक्षांनी झाकलेले, खाली पाण्याने भरलेली नदी आणि नांदते गाव. दुसरे अलीकडील छायाचित्र: डोंगर उघडेबोडके, नदीच्या जागी दगडगोट्यांचे पात्र आणि गाव ओसाड. या दोन चित्रांचा रूझवेल्ट यांच्या मनावर कायमचा ठसा उमटला. खाजगी जमिनीवरील वृक्षतोडीला कायद्याने लगाम घालण्याचा त्यांनी प्रयत्न केला. परंतु लाकूड व्यापाऱ्यांच्या विरोधापुढे ते कलम टिकले नाही. दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीबाबत केवळ निषेधाचा हुकूम काढून भागत नाही, हा धडा त्यांना राजकीय जीवनाच्या उंबरठ्यावरच मिळाला असे म्हणावयास हरकत नाही.

त्याच वर्षी, म्हणजे १९१२ मध्ये, त्यांनी हाइड पार्कच्या निकस जमिनीत काही हजार रोपे लावली. त्यानंतर हा क्रम थांबला नाही. १९३० पासून सिरॅक्यूज येथील वनशास्त्र महाविद्यालयाच्या साहाय्याने तेथे प्रायोगिक लागवडही सुरू झाली. मृत्यूसमयी त्यांच्या इस्टेटीवर लावलेल्या झाडांची संख्या पाच लाखांच्या वर गेली होती. झाड म्हणजे शोभा नव्हे, तेही एक पीकच आहे, फक्त त्याचा हंगाम मोठा असतो, असा त्यांचा दृष्टिकोन होता. नाताळच्या सणासाठी लागणारी सूचिपर्णी झाडे ते रीतसर वाढवीत आणि विकीत. त्यांच्यासारख्या धनिकाला पंधरा-वीस वर्षे वाट पाहणे परवडत होते, हे खरे. ज्याला या दिवाळीचे देणे या सुगीवर फेडावयाचे आहे, त्या शेतकऱ्याची गोष्ट निराळी असते, हे त्यांना उमजावयास आणखी काही वर्षे जावी लागली.

ऑगस्ट १९२१ मध्ये त्यांच्यावर पोलिओचा घाला पडला. वय अवघे ३९ वर्षांचे. नौदल खात्याचे उपमंत्रिपद भोगून झाले होते, आदल्याच वर्षी पक्षाने त्यांना उपराष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली होती आणि पुढचा मार्ग मोकळा दिसत होता. त्या आजाराने त्यांचे दोन्ही पाय कायमचे लुळे केले. ज्या रानातून ते पायी हिंडत, तेथे पुढे हातांनी चालविता येईल अशी खास बनविलेली मोटार घेऊन ते जाऊ लागले. उपचारासाठी १९२४ मध्ये ते दक्षिणेतील जॉर्जिया राज्यात वॉर्म स्प्रिंग्ज येथील ऊन पाण्याच्या झऱ्यांवर गेले आणि तेथे त्यांनी दुसरे घरच केले. जवळच शेती घेतली, गुरे पाळली, पाइनची लागवड केली. कापसाने कस गेलेल्या जमिनी, कर्जात बुडालेले शेतकरी, वाटेकऱ्यांची दैन्यावस्था त्यांनी तेथे जवळून पाहिली. हडसनकाठच्या जमीनदाराला गरीब शेतीची ओळख या आजारपणाने करून दिली.

१९२८ मध्ये ते न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. राज्याच्या डोंगराळ भागात हजारो एकर शेती न परवडल्यामुळे शेतकऱ्यांनी सोडून दिलेली होती. अशा जमिनी राज्याने विकत घ्याव्यात आणि त्यांवर वने उभारावीत, असा कायदा १९२९ मध्ये झाला. त्यासाठी दीर्घकाळ निधी मिळावा म्हणून राज्यघटनेत दुरुस्ती करण्याचा प्रश्न १९३१ मध्ये मतदारांपुढे आला. त्यांचेच पूर्वसूरी आणि पक्षातील वजनदार नेते अल स्मिथ यांनी तिला उघड विरोध केला, तरीही मतदारांनी ती मंजूर केली. झाडांच्या प्रश्नावर एवढी मोठी राजकीय लढाई जिंकणारा पुढारी विरळाच. मंदीने बेकार झालेल्या हजारो लोकांना त्यांनी याच कामाला लावले. बेकाराला काम आणि जमिनीला झाड, अशी ही सांगड होती, आणि पुढील सर्व कार्यक्रमाचे बीज तिच्यात होते.

४ मार्च १९३३ रोजी त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. महिना पुरा होण्याच्या आत नागरी संवर्धन दलाचा कायदा झाला. सुरुवातीस १८ ते २५ वर्षे वयाच्या बेकार तरुणांना दरमहा ३० डॉलर वेतन द्यावयाचे, त्यांतील २५ डॉलर थेट त्यांच्या घरी पाठवावयाचे आणि त्यांच्याकडून वने, माती व पाणी यांच्या रक्षणाची कामे करून घ्यावयाची, अशी ही योजना होती. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुणांनी या दलात काम केले आणि सुमारे ३०० कोटी झाडे लावली. या दलात कृष्णवर्णीय तरुणांच्या छावण्या बहुधा वेगळ्या ठेवण्यात आल्या, हा डागही नोंदविला पाहिजे. तथापि ही लागवड बहुतांशी सरकारी मालकीच्या जमिनींवर होती. खरी कसोटी पुढेच होती.

अमेरिकेच्या मध्यभागी उत्तरेस कॅनडाच्या सरहद्दीपासून दक्षिणेस टेक्सासपर्यंत विस्तीर्ण सपाट गवताळ मैदाने पसरलेली आहेत. पाऊस बेताचा, वारा मात्र अनावर. पहिल्या महायुद्धात गव्हाला सोन्याचा भाव आला आणि शेतकऱ्यांनी शतकानुशतकांचे गवत नांगराखाली घातले. नंतर भाव कोसळले, आणि १९३० नंतर पावसानेही पाठ फिरविली. मुळांचे जाळे तुटलेली ती मऊ माती वाऱ्यावर स्वार झाली. मे १९३४ मधील वादळाने ही धूळ शेकडो कोस पूर्वेकडे वाहून नेली. न्यूयॉर्क व वॉशिंग्टन येथे भरदिवसा आकाश काळवंडले आणि अटलांटिक महासागरातील जहाजांवरही ती पडली. १४ एप्रिल १९३५ चा धुळीचा रविवार तर त्या मुलखातील लोकांच्या स्मरणात कायमचा राहिला. घरेदारे सोडून हजारो कुटुंबे पश्चिमेकडे चालू लागली.

या मैदानांत झाडे लावण्याचा सरकारी प्रयत्न पूर्वी झाला नव्हता असे नाही. १८७३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने एक कायदा केला होता. १६० एकरांपैकी ४० एकरांवर झाडे लावून ती जोपासणाऱ्याला ती सर्व जमीन फुकट मिळेल, अशी त्यातील तरतूद होती. पुढे ४० एकरांची अट १० एकरांवर आणण्यात आली. परिणाम काय झाला? जमिनीवर डोळा ठेवणाऱ्यांनी झाडांच्या नावाने दावे नोंदविले. झाडे कोणी लावली, कोणी लावल्यासारखी दाखविली. कोरड्या हवेत बरीचशी जळून गेली. गैरप्रकारांनी बदनाम झालेला हा कायदा १८९१ मध्ये रद्द करावा लागला. येथे बक्षीस मोठे होते. पण कोणती जात कोणत्या मातीत जगेल हे सांगणारा, रोप देणारा आणि जगले की नाही हे पाहणारा कोणी नव्हता. सरकारने आश्वासन विकत घेतले होते; झाड विकत घेतले नव्हते.

रूझवेल्ट यांनी मैदानांत वारारोधक वृक्षपट्ट्यांची कल्पना वनखात्यापुढे मांडली, तेव्हा या इतिहासाची छाया तिच्यावर पडणे स्वाभाविक होते. ११ जुलै १९३४ रोजी त्यांनी आदेश काढून दुष्काळनिवारणाच्या निधीतून दीड कोटी डॉलर या कामासाठी राखून ठेवले. सुमारे १०० मैल रुंदीच्या आणि कॅनडाच्या सीमेपासून टेक्सासपर्यंत हजार मैलांहून अधिक लांबीच्या प्रदेशात ठरावीक अंतरावर झाडांचे पट्टे उभारावयाचे, असा मूळ आराखडा होता. त्यावर टीकेचा भडिमार झाला. जेथे निसर्गाने झाड उगवू दिले नाही तेथे राष्ट्राध्यक्ष हुकमाने जंगल उगवू पाहतात, अशी थट्टा झाली. नामांकित वनशास्त्रज्ञांनीही शंका घेतल्या. वृक्षांनी पाऊस पाडण्याचा हा खुळा बेत आहे, असा समज पसरविण्यात आला. वस्तुतः पाऊस पाडण्याचा दावा योजनेच्या शास्त्रीय पायात नव्हता. वाऱ्याचा वेग तोडणे, माती जागेवर ठेवणे, बर्फ अडवून ओल धरणे आणि पीक, गुरे व घरे यांना आडोसा देणे, एवढाच तिचा मर्यादित हेतू होता.

पहिला अडथळा आला तो हिशेबखात्याकडून. दुष्काळग्रस्तांच्या तातडीच्या मदतीचा पैसा पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या कामावर खर्च करता येणार नाही, असा निर्णय देऊन महालेखानियंत्रकांनी दीड कोटींपैकी केवळ दहा लाख डॉलर मोकळे केले. काँग्रेसही स्वतंत्र तरतूद करण्यास राजी नव्हती. तरीही १८ मार्च १९३५ रोजी ओक्लाहोमा राज्यातील ग्रीअर परगण्यात एका शेतकऱ्याच्या रानात पहिले रोप लागले. पुढील वर्षांत बेकारांना रोजगार देण्याच्या निधीतून मजुरी भागविण्यात आली. झाडे लावण्याच्या कामाचा पैसा असा नेहमीच दुसऱ्या कोणत्या तरी खात्याच्या खिशातून आला. ही या योजनेची युक्ती होती आणि पुढे तीच तिची दुर्बलता ठरली.

प्रत्यक्ष कार्यपद्धती कशी घडत गेली, हा या कथेतील सर्वांत मोलाचा भाग होय. आरंभी सरकारने शेतकऱ्यांकडून पट्ट्याची जागा भाड्याने किंवा विकत घेण्याचा मार्ग पत्करला. तो महाग होता आणि त्यात शेतकरी आपल्याच शिवारात परका होत होता. थोड्याच काळात तो सोडून देण्यात आला आणि भागीदारीचा करार आला. जमीन शेतकऱ्याची आणि तिची मालकीही त्याचीच. नांगरट करून जमीन तयार करणे, कुंपणाचे साहित्य पुरविणे आणि रोपे मूळ धरीपर्यंत त्यांतील तण काढणे ही त्याची जबाबदारी. रोपवाटिका, तज्ज्ञांचा सल्ला, रोपे आणि लावण्याची मजुरी सरकारची. मैलामैलावर सरळ रेषेत पट्टे उभारण्याचा कागदी नकाशाही बाजूला पडला. जेथे माती व ओल अनुकूल आणि शेतकरी राजी, तेथेच लागवड होऊ लागली. मधल्या ओळींत कॉटनवूड व एल्म यांसारखी उंच वाढणारी झाडे, त्यांच्या बाजूंस मध्यम उंचीची आणि सदाहरित झाडे, कडेला रानप्लमसारखी झुडपे, अशी उतरत्या छपरासारखी रचना असे. वारा त्यावरून वर चढून जाई.

ही भागीदारी न्याय्य का होती, हे एका साध्या हिशेबाने समजते. वारारोधक पट्टा आपल्या उंचीच्या दहा ते वीस पट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी करतो. म्हणजे ४० फूट उंचीच्या झाडांचा आडोसा चारशे ते आठशे फुटांपर्यंत पोहोचतो. हे अंतर पुष्कळदा शेजाऱ्याच्या शेतात जाते. उडून जाणारी माती तर परगणे आणि राज्ये ओलांडून जाते. झाडाखालची जमीन एकाची अडते, पहिली काही वर्षे त्याचे पीक बुडते, आणि लाभ मात्र अनेकांना मिळतो. अशा ठिकाणी केवळ मालकाच्या सद्‌बुद्धीवर विसंबणे म्हणजे एकाच्या खर्चाने सर्वांची सोय पाहणे होय. सार्वजनिक लाभाचा वाटा सार्वजनिक तिजोरीने उचलला पाहिजे, एवढेच हे तत्त्व आहे. उलट सर्वच खर्च सरकारने उचलला तर शेतकऱ्याला ते झाड आपले वाटत नाही. रूझवेल्ट यांच्या योजनेने या दोन टोकांमधील वाट शोधली.

मे १९३७ मध्ये नॉरिस-डॉक्सी कायदा संमत झाला आणि शेतजमिनीवरील वनशेतीला सरकारी साहाय्य देण्याच्या तत्त्वाला काँग्रेसची मान्यता मिळाली. वर्षाला २५ लाख डॉलरपर्यंत खर्चाची मुभा त्यात होती. दरम्यान मैदानांतील काम वाढतच होते. ससे रोपे कुरतडीत, टोळधाडी येत, उन्हाळे कडक पडत. तरी बहुतेक पट्टे तगले. १९४२ मध्ये वनखात्याचे हे काम थांबले, तोपर्यंत नॉर्थ डकोटा, साउथ डकोटा, नेब्रास्का, कॅन्सस, ओक्लाहोमा व टेक्सास या सहा राज्यांतील सुमारे ३०,००० शेतांवर १८,६०० मैल लांबीचे पट्टे उभे राहिले होते. त्यांत सुमारे २२ कोटी झाडे होती. मैदानांत झाड जगत नाही म्हणणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर देण्याची गरज उरली नाही.

तथापि या यशाची मर्यादाही सांगितली पाहिजे. धुळीची वादळे थांबली ती एकट्या वृक्षपट्ट्यांमुळे नव्हेत. पाऊस परतला, समपातळीत नांगरट होऊ लागली, उघड्या जमिनीवर पुन्हा गवत पेरले गेले, आणि १९३५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या मृदसंधारण सेवेने गावोगाव काम केले. धुळीने सर्वाधिक गांजलेला मुलूखही बहुतांशी या पट्ट्यांच्या पश्चिमेस होता. शिवाय करार होई तो जमीनमालकाशी. जो कूळ म्हणून दुसऱ्याची जमीन कसतो, ज्याला पुढील वर्षी तेथे असू की नाही याची शाश्वती नाही, त्याने वीस वर्षांनी मोठ्या होणाऱ्या झाडाची खुरपणी कशाच्या आशेने करावी? रूझवेल्ट यांच्या एकंदर शेतीधोरणाचा लाभ मालकांना अधिक आणि कुळांना व वाटेकऱ्यांना कमी मिळाला, हा आक्षेप इतिहासकारांनी घेतला आहे आणि तो निराधार नाही.

पुढे युद्ध आले. माणसे आणि पैसा तिकडे वळला. नागरी संवर्धन दल विसर्जित झाले आणि वृक्षपट्ट्यांचे उरलेले काम मृदसंधारण सेवेकडे गेले. १९४२ मध्ये जपानी वंशाच्या लाखाहून अधिक लोकांना घरांतून उठवून छावण्यांत डांबण्याचा मार्ग ज्या आदेशाने मोकळा झाला, त्यावर रूझवेल्ट यांचीच सही होती. त्यांच्या चरित्रातील हा अन्याय झाडांच्या सावलीत लपविता येत नाही. युद्धाच्या अखेरच्या वर्षात त्यांची प्रकृती झपाट्याने ढासळली. १२ एप्रिल १९४५ रोजी वॉर्म स्प्रिंग्ज येथे मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. हाइड पार्क येथील घराच्या गुलाबबागेत त्यांचे दफन झाले. त्या दिवशी मैदानांतील पहिल्या पट्ट्याचे वय अवघे दहा वर्षांचे होते.

माणसाचे चरित्र येथे संपते. झाडांचे संपत नाही. पट्टे वाढले, दाट झाले, त्यांत पाखरे वसली. करारातील सरकारची भूमिका मात्र लागवडीबरोबरच आटोपली होती. म्हातारी झाडे काढून नवी कोणी लावावयाची, विरळणी कोणी करावयाची, पट्टा राखणाऱ्या शेतकऱ्याला काही मोबदला मिळावा काय, याची चिरस्थायी तरतूद झालेली नव्हती. जमिनीची मालकी आजोबांकडून नातवाकडे गेली. १९७० नंतर धान्याचे भाव चढले, मध्यबिंदूभोवती गोल फिरणारी सिंचनयंत्रे आली, आणि त्यांच्या वाटेत येणारे पट्टे अडचणीचे वाटू लागले. बुलडोझर लावून कित्येक मैलांचे पट्टे उखडले गेले. अखेर १९७५ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयालाच या तोडीला आळा घालण्याची गरज प्रतिपादन करणारा अहवाल सादर करावा लागला. ज्या हिशेबखात्याच्या प्रमुखाने चाळीस वर्षांपूर्वी झाडांचा पैसा अडविला होता, त्याच खात्याने आता झाडांची बाजू घेतली. १९८५ च्या कायद्याने दहा ते पंधरा वर्षांच्या करारावर शेतकऱ्याला वार्षिक भाडे देऊन जमीन गवताखाली वा झाडांखाली ठेवण्याची पद्धत आली. पुढे वारारोधक पट्ट्यांनाही तिचा आधार मिळाला. रूझवेल्ट यांच्या योजनेत जे राहून गेले होते, ते अशा रीतीने अर्ध्या शतकानंतर काही अंशी भरून निघाले.

आपल्यालाही हा विषय परका नाही. महाराष्ट्रात १९९० पासून रोजगार हमीशी सांगड घालून शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीत फळझाडे लावण्यास सरकारी साहाय्य देण्यात आले, आणि अनुदानाचे हप्ते झाडे जगण्याच्या प्रमाणाशी जोडण्यात आले. ही दिशा योग्यच होय. पण आंबा, डाळिंब वा संत्रा काही वर्षांत स्वतःचे पोट भरू लागतो आणि मालकाच्या हिताने टिकतो. बांधावरचा निंब, बाभूळ वा शिरीष यांचे तसे नाही. त्यांचा लाभ माती, पाणी, गुरे आणि शेजारी यांच्यात वाटला जातो. मालकाच्या हिशेबात मात्र सावलीखाली बुडालेल्या चार ओळी तेवढ्या दिसतात. तेव्हा अशा झाडांना दोन-तीन वर्षांचे अनुदान देऊन सरकारने हात झटकले, तर पहिल्या तेजीच्या भावात किंवा पहिल्या वाटणीत त्यांच्यावर कुऱ्हाड पडणार, हे मैदानांतील इतिहास सांगतो.

रूझवेल्ट यांचे मोठेपण त्यांनी २२ कोटी झाडे लावविली यात जितके आहे, त्याहून अधिक ती त्यांनी कोणाच्या रानात आणि कोणत्या विश्वासाने लावविली यात आहे. शेतकऱ्याला ना गुन्हेगार मानावयाचे, ना भिकारी. त्याला भागीदार मानावयाचे, ही त्यांची दृष्टी होती. त्यांच्या हातून राहून गेले ते हे की, भागीदारी रोप लावून संपत नसते. पंचवार्षिक हिशेबाला रोपांची संख्या पुरते; जमिनीला पुरत नाही. शेतात झाड लावण्यासाठी तिजोरी उघडणाऱ्या सरकारने, पंचवीस वर्षांनी त्या बांधावर किती झाडे उभी राहावीत आणि ती उभी ठेवणाऱ्याच्या पदरात तोपर्यंत दरवर्षी काय पडावे, हे लागवडीच्या दिवशीच करारात लिहून ठेवले पाहिजे.